पडण्याचा रकाना

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी सव्वासात. स्थळ: मुलुंडमधली एक तालीम. हजर: मी, वय सत्तेचाळीस; माझी थोरली नणंद, वय छप्पन्न; तालमीचे वस्ताद; आणि लंगोटातले आठ पैलवान, जे आम्हाला बघताच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गैरहजर: नवरा. त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "मी कशाला येऊ? मी कुठं पडलोय?"

पडले होते मी. आदल्या ऑगस्टमध्ये, चारकोपला आमच्या सोसायटीच्या गेटातच, उभ्या स्कूटरवरून. चालत्या स्कूटरवरून पडले असते तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. वॉचमन गेट उघडेपर्यंत मी पाय टेकून थांबले होते. उजव्या पायाखाली शेवाळ होतं. पाय सरकला आणि स्कूटर आणि मी, दोघी उजवीकडे कलंडलो. मी हात टेकला आणि मनगट मोडलं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, गेट उघडलं."

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, "पडताना हात टेकलात म्हणून मोडलं. हात टेकायचा नसतो."

"मग काय टेकायचं?"

"ते मला नाही माहीत. मी मोडल्यानंतरचं बघतो."

प्लास्टर निघालं, मनगट जुळलं, फिजिओथेरपीच्या बारा खेपा झाल्या. सगळ्यांवर डायरीत बरोबरची खूण केली. स्कूटरवर मात्र बसवेना. बसलं, चावी फिरवली, की उजवा हात हँडल सोडून आपोआप बाजूला पसरायचा, जमीन शोधायला. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा उतरले आणि कव्हर घालून टाकलं.

याचा खरा फटका बसला आईला. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, बोरिवलीला एकटी राहते. गुरुवारी मी ऑफिसातून लवकर सुटते. गेली सहा वर्षं दर गुरुवारी मी तिला स्कूटरवर मागे बसवून गोराईच्या धक्क्यावर न्यायची. ती लिंबू सोडा प्यायची, पलीकडून येणाऱ्या होडीतून उतरणाऱ्या प्रत्येकावर एकेक शेरा मारायची आणि दिवेलागणीला घरी परत यायची. तिचं स्वतःचं लाल हेल्मेट होतं. माझं मनगट मोडल्यावर मी म्हटलं, "रिक्षाने जाऊ." तर म्हणाली, "रिक्षात बसून त्या माणसाच्या पाठीकडे बघायचं? त्यापेक्षा घरात टीव्ही बरा."

त्यानंतर ती या विषयावर एक शब्द बोलली नाही. पण मी कधीही गेले की चपलांच्या कपाटावर ते हेल्मेट असायचं, आणि गुरुवारी गेले तर पुसलेलं असायचं. आई बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. पुसलेल्या हेल्मेटला काय उत्तर देणार?

फिजिओथेरपी करणारी मुलगी शेवटच्या खेपेला म्हणाली, "काकू, पडायचं कसं हेसुद्धा शिकवतात. कुस्ती, ज्युदो वगैरे करणारी माणसं रोज पडतात. त्यांचं काही मोडत नाही." मी घरी येऊन डायरीचं कोरं पान उघडलं. एकमेकांना धरून खेळायच्या तीन विद्या आमच्या आवाक्यात सापडल्या: कुस्ती, ज्युदो आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू. तीन ओळी, सात रकाने, प्रत्येक रकान्याला दहा गुण. अंतर, वेळ, बायकांना कपडे बदलायची सोय, शिकवणाऱ्याचा अनुभव, बाकीच्यांची वयं, खालची जमीन, पडण्याचा धोका. एकेका रविवारी एकेक वर्ग बघायचा आणि मग बेरीज.

नणंद आमच्याच सोसायटीत बी विंगला राहते. नोकरीतून लवकर निवृत्ती घेतल्यापासून तिला दिवस पुरून उरतो. तिने डायरीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मी पण येते."

"ताई, तुम्हाला कशाला? तुम्ही धडधाकट आहात."

"छप्पन्न वर्षं सगळ्यांशी नीट वागले गं. मला एकदा तरी कुणालातरी रीतसर आपटायचंय."

"कुणाला?"

"सुरुवात तुझ्यापासून."

तर मुलुंड. वस्तादांनी आमच्या मागे वाकून दाराबाहेर पाहिलं. "मुलगी कुठंय?"

"आम्हीच मुली," नणंद म्हणाली.

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी दोन खुर्च्या मागवल्या, आम्हाला बदाम घातलेलं दूध दिलं आणि माझं सगळं म्हणणं मनगटासकट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुमची जरा दिशा चुकतेय. कुस्तीत पाठीला माती लागली की खेळ संपला. पोरगा सहा वर्षांचा असल्यापासून आम्ही त्याला एकच सांगतो, पडायचं नाही. आणि तुम्ही म्हणताय पडायला शिकवा."

शिवाय बायकांचा वर्ग त्यांच्याकडे नव्हता. निघताना त्यांनी आखाड्याच्या हौद्यातली चिमूटभर माती आमच्या हातावर ठेवली. हळद, ताक आणि तेल मुरलेली तांबडी माती. नणंदेने ती कपाळाला लावली आणि कॅबमध्ये घरापर्यंत तशीच बसून होती. "माती झकास होती गं," ती दोनदा म्हणाली. मी कुस्तीच्या ओळीवर रेघ मारली. मारताना शेवटच्या रकान्यात, पडण्याचा धोकाच नाही म्हणून, दहापैकी दहा पडले होते, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

पुढचा रविवार, अंधेरी. तिसऱ्या मजल्यावर एसी हॉल, भिंतीपासून भिंतीपर्यंत मऊ मॅट, आणि विशी-पंचविशीतली पोरं-पोरी. शिकवणारा मुलगा माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. फार गोड आणि समजावून सांगणारा. त्याने पहिल्याच वाक्यात माझं मन जिंकलं. "मॅम, आपला बहुतेक गेम खालीच असतो. बसूनच सुरू करू या."

बसूनच! मी तिथल्या तिथे मनात नऊ गुण दिले.

मग त्याने मला पाठीवर झोपायला सांगितलं. समोर गुडघ्यावर नणंद. मी तिच्या दोन्ही बाह्या धरायच्या, माझे दोन्ही तळपाय तिच्या कमरेवर ठेवायचे आणि तिला पायांनी लांब थोपवून धरायचं. "पाय म्हणजे तुमचे आणखी दोन हात समजा, मॅम." मी बाह्या धरल्या. उजवा पाय उचलला. तो तिच्या पोटाला लागला.

कुणाला पाय लागला की माझा हात आपोआप जातो. त्या माणसाला स्पर्श करायचा आणि आपल्या छातीला लावायचा. लहानपणापासूनची सवय. आणि ही तर नवऱ्याची थोरली बहीण. दिवाळीला मी जिच्या पाया पडते तिच्याच पोटावर माझा पाय. मी बाही सोडली आणि नमस्कार केला. आधार सुटल्याबरोबर नणंद सगळ्या वजनानिशी माझ्यावर आली. आमची वजनं मी इथे देत नाही. दोघींत दोन किलोंचा फरक आहे आणि तो कुणाच्या बाजूने आहे यावर अजून एकमत नाही.

"मॅम, पकड सोडायची नाही," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या वेळी सोडायची नाही असं ठरवून पाय ठेवला. डावा हात राहिला, उजवा गेला. पुन्हा ताई अंगावर.

"मी धरू का आशीर्वाद देऊ, काय ते एकदा ठरव," नणंद माझ्या कानाशी म्हणाली.

"सॉरी ताई."

"सॉरी नको, हात धर!"

तिसऱ्या वेळी दोघींना इतकं हसू आलं की शेजारच्या जोड्यांनी खेळ थांबवला. त्या मुलाला हे नमस्काराचं प्रकरण समजावून सांगितल्यावर तो म्हणाला की त्याची आजीही असंच करते, पण ती अजून क्लासला आलेली नाही. घरी येऊन मी जिउ-जित्सूच्या रकान्यांत सढळ हाताने गुण भरले. नमस्काराचा रकाना नव्हताच.

त्यापुढचा रविवार, बोरिवली. एका शाळेचा हॉल, कोपऱ्यात रचलेली बाकं, मध्ये हिरव्या-पिवळ्या मॅट. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, चण लहान, आवाज मैदानाचा. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. वर्गात मुलं होती, कॉलेजच्या मुली होत्या आणि चाळिशीच्या पुढच्या चार बायका. बाईंनी आमची नावं, वयं, जुनी दुखणी लिहून घेतली. वही आखीव होती. मला बरं वाटलं. मग म्हणाल्या, "पहिले दोन महिने कुणी कुणाला पाडणार नाही. फक्त आपलं आपण पडायचं. झोपून, मग बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. हनुवटी छातीला. नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर. गाठ दिसेनाशी झाली की समजा डोकं आपटलं. आणि हात टेकायचा नाही. हाताने मॅटला चापट मारायची, अख्ख्या हाताने, शरीर टेकतं त्याच क्षणी."

टेकायचा नाही, चापट मारायची. डॉक्टरांना जे माहीत नव्हतं ते हेच. मी ते लिहून घेतलं. पण प्रत्यक्ष करायची वेळ आली तेव्हा मनगटाचं कारण सांगून भिंतीशी बसले आणि मोजत राहिले. तासाभरात नणंद चाळीस वेळा पडली. प्रत्येक चापटीचा आवाज हॉलभर घुमत होता आणि प्रत्येक आवाजाला माझी उजवी मूठ आवळली जात होती.

परत येताना उडप्याकडे बसलो. इडली-वडा येईपर्यंत मी बेरीज केली आणि निकाल सांगितला. "जिउ-जित्सू एकसष्ट, ज्युदो बावन्न. नऊ गुणांनी अंधेरी."

"दाखव."

मी डायरी सरकवली. नणंदेने चष्मा लावला आणि सगळे रकाने बोट ठेवून वाचले. शेवटच्याशी थांबली.

"हा कसला?"

"पडण्याचा धोका."

"ज्युदोला एक?"

"तासाला चाळीस वेळा पाडतात, ताई. तुम्हीच पडलात."

"आणि अंधेरीला नऊ."

"तिथं पडावंच लागत नाही. सगळे आधीच खाली बसलेले असतात."

तिने चष्मा काढला. "आणि आपण घरून कशाला निघालो होतो गं?"

वेटरने वडा आणून ठेवला. मी तो सांबारात बुडवला आणि बुडलेल्या वड्याकडे बघत राहिले. माझा रकाना उलटा होता. महिनाभर मी पडायला शिकवणारी जागा शोधत होते आणि जिथे पडायला लागणार नाही तिथे गुण देत होते. कुस्तीला दहापैकी दहा मिळाले तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं.

"यादी तुझी छान असते," नणंद म्हणाली. "पण तू घाबरलीस की ती पण घाबरते."

मी पेन्सिल घेतली आणि नऊ आणि एकची अदलाबदल केली. ज्युदो साठ, जिउ-जित्सू त्रेपन्न. यात त्या अंधेरीच्या मुलाचा किंवा त्याच्या विद्येचा काही दोष नव्हता. मला वेगळी भीती असती, तर मी तिथेच नाव घातलं असतं. कुणी पहिल्यांदा असला वर्ग निवडत असेल तर माझं एवढंच सांगणं आहे: रकाने आखायच्या आधी, आपण कशाला निघालो आहोत ते पानाच्या वर लिहा. मी आता लिहिते.

बाईंच्या वर्गात नाव घातलं: मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी सहा. ज्युदोचा पांढरा जाड सदरा घालून सोसायटीतून निघालो की वॉचमन सलाम करतो. पहिल्या दिवशी नवऱ्याने गॅलरीतून ओरडून बहिणीला बजावलं, "ताई, तिला फार आपटू नकोस, उद्या गॅसवाला येणार आहे, ती धड पाहिजे!"

झोपून पडणं म्हणजे नुसती चापट मारणं. ते पहिल्याच आठवड्यात जमलं. बसून मागे पडणं दुसऱ्या. फेब्रुवारीच्या शेवटी मी उभ्याने मागे पडले आणि उठून बाईंकडे इतक्या अभिमानाने पाहिलं की त्या म्हणाल्या, "छान. आता आणखी वीस."

मार्चअखेरीस जोडीने पाडायला सुरुवात झाली आणि नमस्कार परत आला. समोरची पाऊल टाकत असतानाच आपल्या तळपायाने तिचा घोटा हळूच झाडायचा, म्हणजे ती आपल्या वजनाने खाली जाते. माझा तळपाय नणंदेच्या घोट्याला लागायचा आणि हात कॉलर सोडून छातीकडे जायचा. बाईंनी चार वेळा पाहिलं आणि जवळ आल्या.

"हे काय चाललंय?"

"बाई, पाय लागतो ना."

"लागणारच. त्याचसाठी झाडतोय. सुरुवातीला दोघी समोरासमोर वाकता की नाही?"

"हो."

"त्यात तासाभराचे सगळे पाय आले. शेवटी परत वाकायचं, उरलेसुरले त्यात. मधे हात सोडायचा नाही."

हे मला फार पटलं. सगळं एकदम, आगाऊ, एकाच ठिकाणी. मी आता सुरुवातीला नेहमीपेक्षा थोडी जास्त वाकते आणि थोडा जास्त वेळ वाकून राहते. नणंद समोरून विचारते, "आज किती लाथा घालायचा बेत आहे?"

त्या आठवड्यातल्या शनिवारी मी तिला पाडलं. घोटा झाडला, कॉलर धरून ठेवली, आणि माझी थोरली नणंद पूर्ण आडवी झाली. चापट इतकी कडक बसली की मुलांनी वळून पाहिलं. ती खालूनच म्हणाली, "वाट लावलीस माझी! आता माझी पाळी." आणि उठून तिने मला डावीकडे घातलं. छत फिरलं, गाठ दिसली, डावा हात मॅटवर वाजला. तळवा झणझणला. बाकी सगळं जागच्या जागी होतं. मी झोपूनच हसत होते.

"आता उजवीकडे," बाई म्हणाल्या.

"शनिवारी," मी म्हणाले.

"आज शनिवारच आहे."

"पुढच्या."

एप्रिलमध्ये स्कूटरचं कव्हर काढलं. नवी बॅटरी घातली, हवा भरली, ब्रेक बघून घेतले. रविवारी सकाळी सात वाजता चावी फिरवली आणि उजवा हात हँडलवरच राहिला. मी सेक्टरला एक चक्कर मारली. मग दुसरी. तिसऱ्या रविवारी नणंद मागे बसली, भाजी आणायला. पाच मिनिटांनी तिने पाठीत बोट खुपसलं.

"अगं, मंडई उजवीकडे राहिली."

"माहितेय."

"मग आपण कुठं चाललोय?"

"मंडईतच. तीन डावी वळणं घेतली की एक उजवं होतं."

आमच्या भागातले रस्ते चौकटीचे असल्यामुळे हे जमतं. नणंदेने वळून मागे राहिलेल्या मंडईकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मी भाजीला निघालेय आणि तू मला उलटी प्रदक्षिणा घालतेस?"

मंडईपर्यंत ती हसत होती. तिथे पिशवी माझ्या हातात देऊन तिने विचारलं, "आणि तुझ्या आईला धक्क्यावर नेताना?"

आईच्या घरापासून धक्क्यापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा मी आधीच काढला होता. सगळा रस्ता सरळ आणि डावीकडून. एकच उजवं वळण आहे, मोठ्या सिग्नलला, आणि तिथे तीन डाव्यांनी भागत नाही, कारण मध्ये नाला आहे. गाडी त्या सिग्नलला उजवीकडे कलती करून घ्यावीच लागेल. मी एकटी असते तर एखादेवेळी गेलेही असते. पण मागे आई असणार. म्हणून मी स्वतःला अट घातली: आधी मॅटवर उभ्याने उजवीकडे पडायचं, मगच तिला मागे बसवायचं. नणंद म्हणाली, "अट चांगली आहे. पण ती डायरीत ठेवून झोपू नकोस."

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती ज्युदोला अजून कराटे म्हणते. पण मुद्दा तिला बरोबर कळला. आता दर शनिवारी रात्री जेवायच्या वेळी तिचा फोन येतो. ती तब्येत विचारत नाही, जेवलीस का विचारत नाही. "उजवीकडे पडलीस का?" एवढंच विचारते.

"बसून पडले," मी एका शनिवारी सांगितलं.

"बसून काय, कुणीही पडेल."

मागच्या शनिवारी उकिडवं बसून उजवीकडे पडले. एकदा नाही, सहा वेळा. पहिल्या वेळी डोळे मिटले होते. बाईंनी ओरडून उघडायला लावले. सहाव्या वेळी गाठ स्पष्ट दिसली आणि उजव्या हाताची चापट डाव्याइतकीच वाजली. नणंदेने टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले, उजवा पाय पुढे उचलला, आणि बाईंनी घड्याळ बघून "वाका" म्हटलं. तास संपला होता. मला हायसं वाटलं नाही, उलट राग आला. ही गोष्ट मी नोंदवून ठेवली आहे.

रात्री आईचा फोन आला. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "हेल्मेटचा पट्टा सैल झाला होता. खालच्या दुकानातून नवा घालून आणलाय." आणि फोन ठेवला.

डायरीचं पान समोर आहे. झोपून, दोन्हीकडे: झालं. बसून, दोन्हीकडे: झालं. उकिडवं, दोन्हीकडे: झालं. उभ्याने मागे: झालं. उभ्याने डावीकडे: झालं. उभ्याने उजवीकडे: बाकी.